बाहेरचा वॉल्व्ह बसवला, म्हणून टर्बोची वॉरंटी गेली का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या शोरूममधून १२ लाख ४० हजारांना टर्बो पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. यंदा मार्चमध्ये खंबाटकी घाट चढताना गाडी ओढेनाशी झाली, चेक इंजिनचा दिवा लागला. इथल्या अधिकृत वर्कशॉपने ब्लो-ऑफ वॉल्व्हचा, म्हणजे टर्बोने दाबलेली जादा हवा सोडणाऱ्या झडपेचा, पडदा फाटल्याचे सांगितले, पण पार्ट यायला महिना लागेल म्हणाले. रोजचे कोरेगावला जाणे-येणे. तीन आठवडे कळ काढली आणि एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये साडेसहा हजारांचा बाहेरचा वॉल्व्ह बसवून घेतला. दोन महिन्यांत इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोच गेला. एस्टिमेट १ लाख १५ हजार. कंपनी म्हणते, बाहेरचा पार्ट लावलात, वॉरंटी रद्द. नवी गाडीच मागू का? मुलाने त्या वॉल्व्हच्या आवाजाची रील टाकली आहे, ती नडेल का?

उत्तर : पुढचे वाचण्याआधी गॅरेजवाल्याला फोन करा आणि जुना, फाटका वॉल्व्ह त्याच्याकडे आहे का ते विचारा. असला तर भंगारात जायच्या आत ताब्यात घ्या, फोटो काढा, पिशवीत घालून सील करा. तुमची निम्मी केस त्या पिशवीत आहे. उरलेली निम्मी मार्चच्या जॉब कार्डात, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या नोंदीच्या कागदात. ‘पडदा फाटला, पार्ट उपलब्ध नाही’ असे त्यावर लिहिलेले असेल, तर दोष वॉरंटीत उद्भवला आणि कंपनी तो वेळेत काढू शकली नाही, हे त्यांच्याच अक्षरात सिद्ध होते. जॉब कार्ड हरवले असेल तर ईमेलने प्रत मागा, तोंडी नको.

नवी गाडी मागू नका. २००६ साली एका मोटारीच्या क्लचच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचे वचन असेल तर भागच मिळतो, अख्खी गाडी नाही. गाडी मागून बसलात की ‘मूळ उत्पादनातच दोष’ सिद्ध करण्याचे ओझे अंगावर येते. टर्बो मागा, मार्चपासूनचा दुरुस्ती आणि प्रवासाचा खर्च पावत्यांसह मागा, मनस्तापाची भरपाई मागा.

आता ‘वॉरंटी रद्द’ या शब्दांबद्दल. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच बजावले होते : ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे त्यावर अपिले झाली, तरी ‘तेवढ्यापुरतीच’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे. वाद बाहेरच्या पार्टचा नाही. टर्बो कशाने गेला, हा वाद आहे.

आणि इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, हे स्पष्ट सांगतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा घेणारा पडदा, मिटतो आणि टर्बोने दाबलेली हवा अडते. तिला वाट द्यायला हा वॉल्व्ह. कंपनीच्या गाडीत ती हवा बहुधा पाइपाने परत आत वळवलेली असते. बाहेरचे हौशी वॉल्व्ह ती थेट बाहेर सोडतात, म्हणून तो ‘पिश्श’ आवाज. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर मोजलेली हवा निघून जाते आणि गाडीचा संगणक जादा पेट्रोल सोडतो. कंपनीचा वकील यावरच बोट ठेवणार. पण पडदा फाटका असताना दाब गळत होता, आणि गळती भरून काढायला टर्बोला जास्त फिरावे लागते. ते तीन आठवडे कंपनीच्या उशिराचे आहेत. शिवाय टर्बोचे बेअरिंग बहुतेक वेळा तेलापायी जाते, तेव्हा ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या काढून ठेवा. त्यात एक जरी सर्व्हिस चुकली असेल, तर मला आधी सांगा. समोरच्याकडून कळण्यापेक्षा ते बरे.

वर्कशॉप टर्बो खोलण्यासाठी सही मागेल. स्कॅनरवरच्या फॉल्ट कोडची छापील प्रत मिळेपर्यंत सही करू नका. पी०२९९, म्हणजे दाब कमी पडल्याचा कोड, मार्चमध्ये आला होता का हे पाहायचे आहे. बाहेरचा वॉल्व्ह काढूनही टाकू नका, गाडी आहे तशी राहू द्या. ग्राहक आयोगातल्या तक्रारीसोबतच तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज द्यायचा. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागाचे नाव सुचवता येईल. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. शोरूम पुण्याचे असले तरी चालते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. गाडीची किंमत दहा ते वीस लाखांत, म्हणून फी ४०० रुपये. कंपनी, पुण्याचा डीलर आणि इथले वर्कशॉप, तिघांना जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. गॅरेजवाल्याला करू नका. त्याने काय काढले, काय बसवले याचे शपथपत्र तुम्हाला हवे आहे, आणि जाबदार केलेला माणूस तुमच्या बाजूने बोलत नाही. मुदत दोन वर्षांची. नकाराच्या तारखेवर न विसंबता मार्चपासून धरा.

रील. ती काढून टाकू नका. काढून टाकलेली रील कुणीतरी आधीच उतरवून घेतलेली असते, आणि मग तुम्ही काहीतरी लपवलेत असे दिसते. वॉल्व्ह कोणता, कधी आणि का बसवला हे तक्रारीत स्वतःच लिहा. मात्र गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली की तो आवाज बंद करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या निकषांचा भंग झाल्यास दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकते. चिरंजीवांना हे दाखवा.

नोटीस गेल्यावर बहुधा फोन येईल : ‘गुडविल म्हणून निम्मा खर्च आम्ही करतो.’ कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. त्यामुळे तीन चतुर्थांश खर्च ते देत असतील आणि नव्या टर्बोवर लेखी वॉरंटी देत असतील, तर मी तुम्हाला मिटवायलाच सांगेन. निम्म्यावर नाही. आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या कागदावर सही करायची ती गाडी घेऊन खंबाटकी एकदा चढून आल्यावरच.