प्रश्न: अमेरिकेत पिट्सबर्गला नोकरी लागली आहे. तिथे सगळे गोरेच असतात म्हणे, आपल्याला करमेल का?

"तिथे सगळे गोरेच" हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या एडिसन या भारतीयांनी गजबजलेल्या गावात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याकडून वीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

गोरे म्हणजे नक्की कोण? आमच्या शेजारच्या आजी स्लोव्हाक होत्या. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धाआधी पोलादाच्या कारखान्यात आलेले. तेव्हा अशा मजुरांना इथे 'हंकी' म्हणून हिणवत. ऐंशी पार केल्या तरी तो शब्द आजी हळू आवाजात उच्चारायच्या. बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालणाऱ्या १९२४च्या कायद्याने त्यांचे बाकीचे नातलग तिकडेच अडकले. आशियातल्या लोकांना तर त्याच कायद्याने दारच बंद होतं. १९६५ला ते उघडलं, वेस्टिंगहाउस या विजेच्या यंत्रांच्या कंपनीत आपले इंजिनिअर आले आणि सत्तरच्या दशकात पेन हिल्स या उपनगरात बालाजीचं देऊळसुद्धा झालं.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हाची गोष्ट. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करून विकतात. पिरोगी म्हणजे बटाटा-चीजचं सारण भरून पाण्यात उकडलेली करंजी समजा. आजी आईला सोबत घेऊन गेल्या. तिथे सगळ्याजणी काट्याने कडा दाबत होत्या. आईने पाच मिनिटं बघितलं, हात धुतले आणि कड चिमटीत धरून मुरड घालायला लागली. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. एक बाई काटा खाली ठेवून म्हणाली, माझी आजी अश्शीच करायची. पुढचे तीन शुक्रवार आईला न्यायला गाडी दारात. "गूळ नाही, एवढंच चुकतं," एवढीच आईची तक्रार. एडिसनला तिला तयार करंजीचं पाकीट मिळालं असतं, बस्स.

१९५०ला शहरात पावणेसात लाख लोक होते, आता तीन. कारखाने बंद पडले, घरं ओस पडली. २००८नंतर भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक निर्वासित कॅरिक-ब्रेंटवुड या भागांकडे आले. मोहरीचं तेल, मेथी तिकडेच मिळेल.

बाकी सगळं गोडगोड नाही. पन्नाशीच्या दशकात एक अरीना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, बांधायला लोअर हिल ही वस्ती पाडली, आठेक हजार माणसं हलवली, बहुतेक कृष्णवर्णीय. आणि मराठी माणसं एडिसनच्या मानाने कमीच भेटतील. नोव्हेंबर ते मार्च आभाळ राखाडी. तेवढ्यापुरतं मेव्हण्याचं बरोबर आहे.