कोविडच्या संशोधनासाठी रुग्णांचे रेकॉर्ड वापरले. नावं काढली म्हणजे काळजी मिटली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बहीण इंग्लंडमध्ये राहते, कोविडच्या काळात तिथल्या लोकांचे डॉक्टरकडचे रेकॉर्ड संशोधकांना वापरू दिले, नावं काढलेली असल्यामुळे काळजी नको असं तिला सांगतात. हे कितपत खरं? आणि आपल्याकडे आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) काढा म्हणून मागे लागलेत, ते काढावं का?

मी इंग्लंडमध्येच आरोग्याच्या आकडेवारीत काम करतो. आधी बहिणीचं बोलू, आभाकडे शेवटी येतो.

रेकॉर्ड वापरले हे खरं. नावं काढली म्हणून काळजी नको, हे मात्र कुणी सांगत असेल तर अर्धवट सांगतंय. सगळ्या व्यवस्थेत नाव काढणं ही सर्वांत कच्ची भिंत आहे.

इथे टोनी ब्लेअर यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पंतप्रधान असताना 19 ऑक्टोबर 2003 रोजी हृदयाचे ठोके बिघडले म्हणून त्यांना रुग्णालयात नेलं. पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला त्याच दुखण्यावर छोटी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही तारखा पेपरात छापून आल्या. आता नावं, पत्ते, फोन नंबर सगळं पुसलेली देशभराची यादी समोर घ्या आणि त्यात पन्नाशीचा, लंडनचा, या दोन तारखांना या दोन नोंदी असलेला पुरुष शोधा. एकच ओळ उरेल. आणि ओळ सापडली की तिच्यात पुढे-मागे जे काही लिहिलेलं आहे, मनाचे आजार, गुप्तरोग, दारू, सगळंच सापडलं. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी 1997 च्या सुमारास हे करूनच दाखवलं होतं. मॅसॅच्युसेट्स राज्याने नावं काढून संशोधनासाठी दिलेल्या नोंदी आणि 20 डॉलरला विकत मिळालेली मतदारयादी शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी खुद्द गव्हर्नरांचे वैद्यकीय कागद ओळखून काढले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर काम झालं.

त्यासाठी पंतप्रधान किंवा गव्हर्नर असायला लागतं असंही नाही. आपल्या आळीत कुणाचं बाळंतपण कधी झालं, कुणाचा पाय कुठल्या गणपतीत मोडला, हे आपल्याला पाठ असतं.

मग इंग्लंडमध्ये हे रेकॉर्ड संशोधकांच्या हातात दिले कसे? तर दिलेच नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. (सगळ्या ठिकाणी असं झालं नाही, पण ज्या कामाचं सर्वांत नाव झालं त्याची गोष्ट ही.)

इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जीपीकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, नोंदलेला असतो. त्या दवाखान्यांचे रेकॉर्ड मुख्यतः दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात : टीपीपी आणि ईमिस. 2020 च्या वसंतात बेन गोल्डेकर यांचा ऑक्सफर्डमधला गट, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि या कंपन्या यांनी मिळून एनएचएस इंग्लंडसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, 'ओपनसेफली' नावाची व्यवस्था उभी केली. तिचा मूळ नियम एकच : रेकॉर्ड जिथे आहेत तिथून हलवायचे नाहीत. टीपीपीच्या सर्व्हरवरचे तिथेच, ईमिसचे तिथेच. संशोधकाने आपला प्रोग्राम आत पाठवायचा, आणि बाहेर यायचे ते फक्त तक्ते. देवळात जसं आपण ताट गुरुजींच्या हातात देतो आणि प्रसाद बाहेर येतो, गाभाऱ्यात पाऊल टाकत नाही, तसं.

प्रत्यक्षात बसून काम कसं चालतं ते सांगतो. समजा मला दमा असलेल्यांना कोविडचा धोका किती, हे बघायचंय. आधी 'दमा' म्हणजे डॉक्टर लोक संगणकात कुठले-कुठले कोड टाकतात त्यांची यादी करायची. यातच खूप वेळ जातो, कारण एकाच आजाराला डझनावारी कोड असतात. मग पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहायचं की मला अशा-अशा वयाची माणसं हवीत, हे कोड असलेली, इतक्या दिवसांत. हे लिहून झालं की ते चालतंय का हे तपासायला खरे रुग्ण मिळत नाहीत. संगणक आपल्या मनाने खोटे रुग्ण तयार करून देतो. त्यात नव्वदीचे आजोबा गरोदर निघाले तरी चालतं. प्रोग्राम अडखळत नाही ना, एवढंच बघायचं असतं. मग तोच प्रोग्राम आत जातो आणि खऱ्या नोंदींवर चालतो. मला त्यातली एकही ओळ दिसत नाही. कोणी, कधी, कुठला प्रोग्राम चालवला ही नोंद सगळ्या जगाला दिसेल अशी उघडी राहते, आणि प्रोग्रामसुद्धा. शेजाऱ्याचं रेकॉर्ड चाळायची कुणाला हुक्की आली, तर ती हुक्कीही त्याच यादीत लागेल.

आत तयार झालेला तक्ताही थेट हातात पडत नाही. दोन प्रशिक्षित माणसं तो तपासतात. सात किंवा त्याहून लहान आकडा झाकायचा आणि बाकीचे जवळच्या पाचाच्या पटीत करायचे, असा नियम. नुसतं झाकून भागत नाही. एकूण 43 आणि त्यात पुरुष 40 असं छापलं, तर बायकांचा खाना कितीही काळा करा, पोरसुद्धा वजाबाकी करून 3 सांगेल. 45 आणि 40 छापले की पक्का आकडा निघत नाही. नवीन माणसाला या नियमाचा फार वैताग येतो. पण एखाद्या तालुक्याएवढ्या भागात दुर्मिळ आजाराच्या तीनच बायका असतील, तर त्या तिघी कोण हे तिथल्या लोकांना आकडा बघताच कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ओपनसेफलीचा पहिला शोधनिबंध 7 मे 2020 ला बाहेर आला, काम सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. जुलैमध्ये तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापला गेला. 1 कोटी 72 लाखांहून अधिक प्रौढ, त्यांत कोविडशी जोडलेले 10,926 मृत्यू. वय, पुरुष असणं, गरिबी, मधुमेह, लठ्ठपणा यांनी धोका वाढतो हे त्यात आकड्यांनिशी आलं. तुमच्या बहिणीच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ वेगळीच होती. दक्षिण आशियाई लोकांचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त होता, आणि मधुमेह, गरिबी वगैरे सगळं हिशेबात धरूनही तो साधारण 45 टक्क्यांनी जास्तच राहिला. तेव्हा 'आपल्या लोकांना डायबिटीस असतो म्हणून' हे उत्तर इथल्या मराठी घरांतही फिरत होतं. ते पुरेसं नाही, हे एवढ्या मोठ्या संख्येशिवाय कळलं नसतं.

एचआयव्हीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. जवळजवळ तितक्याच लोकांच्या नोंदींत 27,480 जणांना एचआयव्ही असल्याचं लिहिलेलं होतं. त्यांतले कोविडने गेलेले किती? 25. एवढ्या तुटपुंज्या आकड्यावरून, वय आणि इतर गोष्टी लक्षात घेतल्यावर, धोका अडीच पटीहून जास्त दिसला. एखाद्या रुग्णालयाने, अगदी एखाद्या शहराने आपापल्या नोंदी बघितल्या असत्या तर एक-दोन मृत्यू दिसले असते आणि निष्कर्ष काहीच निघाला नसता. आणि याच 25 जणांची यादी, नावं काढून का होईना, ईमेलने कुणाला पाठवली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : ही माहिती वापरलीच पाहिजे, आणि ती कुणाच्या हातात देता कामा नये.

गुप्ततेच्या नावाखाली उलटा प्रकारही त्याच मे महिन्यात झाला. सर्जिस्फिअर नावाच्या अमेरिकन कंपनीने 671 रुग्णालयांतल्या 96,000 रुग्णांचे रेकॉर्ड आपल्याकडे आहेत असं सांगितलं. त्यावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबद्दलचा निबंध 22 मे 2020 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. लोकांनी मूळ माहिती दाखवा म्हटल्यावर रुग्णालयांशी गुप्ततेचे करार आहेत, दाखवता येत नाही, असं उत्तर आलं. 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. म्हणून 'रुग्णांची गोपनीयता' हा शब्द कानावर आला की मी विचारतो : झाकलंय काय? रुग्ण, की तुमची पद्धत? ओपनसेफलीत रुग्ण झाकलेले आणि पद्धत उघडी होती.

आता खोट सांगायची तर, लोकांना विचारलं नव्हतं. मार्च 2020 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी खास नोटीस काढून कोविडपुरती ही वाट मोकळी केली. एनएचएसमध्ये 'माझी माहिती संशोधनाला नको' असं सांगायची जी देशपातळीची सोय आहे, ती या नोटिशीखालच्या वापराला लागू नव्हती. नोटीस जून 2022 अखेर संपली, पण तोवर दोन वर्षं उलटली होती. शिवाय व्यवस्था चालवणाऱ्या मोजक्या लोकांना आत जावंच लागतं. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याला पर्याय नाही. तरीही डॉक्टरांच्या संघटनांनी या कामाला पाठिंबा दिला. याच सरकारने मे 2021 मध्ये जीपींकडचे रेकॉर्ड एका जागी गोळा करायची योजना जाहीर केली, तेव्हा मात्र दहा लाखांहून जास्त लोकांनी 'आमची माहिती नको' असं कळवलं आणि योजना आधी पुढे ढकलावी लागली, मग बेमुदत थांबवावी लागली. 2014 मध्ये 'केअर डॉट डेटा' या तशाच आधीच्या योजनेचीही तीच गत झाली होती. लोक संशोधनाच्या विरोधात नव्हते. आपले कागद उचलून कुठे नेणार, हे त्यांना कुणी धड सांगत नव्हतं.

बहिणीला नकोच असेल तर तिने आपल्या जीपीकडे 'टाइप 1 ऑप्ट-आउट'चा फॉर्म द्यावा. मग तिच्या उपचाराव्यतिरिक्त इतर कामांसाठी तिचं रेकॉर्ड दवाखान्याबाहेर जायला नको. रुग्णालयांकडच्या माहितीसाठी वेगळी सोय आहे, ती एनएचएसच्या संकेतस्थळावर होते. मी स्वतः दोन्हींतलं काही केलेलं नाही, पण मी या धंद्यातला माणूस, माझं मत त्या हिशेबाने घ्या.

आभाबद्दल. आपल्याकडची अडचण मुळातच वेगळी. घरचा डॉक्टर, त्याच्याकडे चाळीस वर्षांचं रेकॉर्ड, असा प्रकार नाही. केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटावर. गुप्ततेची सवय तर त्याहून कमी. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले होते, आणि क्वारंटाइन झालेल्यांच्या याद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होत्या. जून 2023 मध्ये टेलिग्रामवर मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्याचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर मिळत होता. सरकारने कोविन सुरक्षित असल्याचं सांगितलं, पण लोकांची माहिती टेलिग्रामवर होती ती होतीच.

आभाची रचना कागदावर वाईट नाही. हा 14 आकडी नंबर आहे, काढणं ऐच्छिक आहे, कागद ज्या-त्या रुग्णालयातच राहतात आणि दुसऱ्याने बघायचे तर तुमची संमती लागते. संशोधनाचा मुद्दा याहून मोघम आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि आकडेवारीसाठी सूट आहे, त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या अटीवर. ती सूट वापरणाऱ्याने काय चालवलं हे ओपनसेफलीसारखं उघड्यावर लिहायला हवं, अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा सोय वाटत असेल तर काढा. बरेच जण ओपीडीची रांग वाचते म्हणून काढतात, आणि ते कारण काही वाईट नाही. फक्त संमतीची विनंती आली की कोण मागतंय, कुठले कागद आणि किती तारखेपर्यंत, एवढं वाचा. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आणि खिडकीवरचा मुलगा 'काका, ओटीपी सांगा, मी करतो' म्हणाला, तर त्याला थांबवून आधी स्क्रीन बघा.