फाउंड्रीत नेमकं काम काय चालतं? नवीन माणसाने आधी काय शिकावं?

थोडक्यात सांगायचं तर धातू वितळवून साच्यात ओतायचा आणि गार झाला की साचा फोडून कास्टिंग काढायचं. पण साचा वाळूचा असतो, त्यामुळे खरा खेळ वाळूचा आहे, म्हणून आधी वाळू शिका. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला बऱ्याच फाउंड्र्या ग्रीन सँडवर चालतात, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती), कोळशाची पूड आणि साधारण ३-४ टक्के पाणी. जुने मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, मूठभर वाळू घट्ट दाबतात, बोटांचे ठसे नीट उमटले आणि गोळा मोडल्यावर कड साफ तुटली तर वाळू तयार. पाणी जास्त झालं की रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतताना वाफ आत अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतल्या आत पोकळ भोकं, येतात, वरून चांगलं दिसणारं कास्टिंग मशीनिंगला गेल्यावर भोकं दाखवतं, तेव्हा फार जीव तुटतो हो!

पॅटर्न, म्हणजे ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा बनवतात तो नमुना, थोडा मोठाच बनवतात कारण ग्रे आयर्न (बिडाचा एक प्रकार) गार होताना साधारण १ टक्का आकसतं. रस ओततात १३५०-१४०० डिग्री सेल्सियसच्या आसपास, त्यामुळे ओल्या लॅडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) रस कधीच घेऊ नका, पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उडतो. चष्मा, लेदरचे बूट, गेटर (पायाच्या नडगीवर बांधायचं संरक्षक आवरण) हे पहिल्या दिवसापासून पाहिजेच.