काळी माती शिसं धरते, क्रोमियमचं मात्र वेगळं

"ओढ्याला कारखान्यांचं पाणी येतं, पण काळी माती जड धातू धरून ठेवते म्हणतात, मग विहिरीची काळजी कशाला?" असं तुम्ही विचारलंय. अर्धं खरं आहे भाऊ.

आधी हे करून बघा. काचेच्या बाटलीत चिमूटभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) विरघळवा, त्यात मूठभर वाळलेली काळी माती टाका, खूप हलवा आणि रात्रभर ठेवा (पोरांच्या हाती लागू देऊ नका). सकाळी वरचं पाणी नितळ, निळेपणा गायब. आपल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्यांना उठवून तांबं जागा घेतं. शिसं तर त्याहून घट्ट बसतं. शिवाय चुनखडीमुळे सामू (pH) ८ च्या आसपास, त्यामुळे बराच धातू विरघळलेला राहतच नाही. झिंक सल्फेट देऊनही मोसंबीची पानं पिवळी राहतात ना, ते याच मातीचं काम.

आता त्याच गाळावर दोन-तीन लिंबं पिळा. फेस येईल आणि थोडं तांबं परत पाण्यात उतरेल. माती धातू धरते, संपवत नाही.

प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) सांडपाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, तर मातीसारखंच ऋण भाराचं. आपल्या अल्कधर्मी मातीला ते फारसं चिकटत नाही, सरळ खाली जातं. आणि मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्यावर वळवाचं पाणी मातीला न भेटताच मुरमात उतरतं. तिथं शिशाचीही खात्री नाही.

उसाच्या चिपाडाचं, तुराट्यांच्या कोळशाचं गाळणं करू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. दोन्ही शिसं, तांबं बऱ्यापैकी ओढतात. पण जागा भरल्या की पाणी जसंच्या तसं बाहेर येतं, आणि ते चवीवरून कळत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, जिभेला काय कळणार! म्हणून पिण्यासाठी नकोच. वापरलेला चोथा उकिरड्यात टाकाल तर खतातून पुन्हा रानातच येईल.

पाण्याची तपासणी होईपर्यंत त्यावर पालक-मेथी लावू नका, कॅडमियम पानात लवकर चढतं. विहिरीचं पाणी तपासायला देताना दोन बाटल्या द्या. बाकीचे धातू तपासायच्या बाटलीत प्रयोगशाळा आम्ल घालते, पण षट्संयुजी क्रोमियमची बाटली बिनआम्लाची, थंड ठेवून, त्याच दिवशी पोचवायची.