पहिला नंबर चोविसावा कसा झाला?

प्रश्न: बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या सर्वोत्तम अल्बमच्या यादीत २००३ मध्ये पहिला, २०२० मध्ये थेट चोविसावा. असं का?

उत्तर: मतदान नव्याने झालं, मतदारही बदलले, अमेरिकी गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिल्या नंबरवर आला. शिवाय ती यादी 'उत्तम' अल्बमची, 'प्रभावी' नव्हे. गल्लत इथेच होते. प्रभाव बघायचा तर नंतरच्यांनी काय उचललं ते बघा. विक्रीवर तर मुळीच जाऊ नका. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' हा अल्बम १९६७ मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकी खपाच्या यादीत १७१व्या नंबरच्या वर सरकला नाही. पंक या बंडखोर रॉक संगीताची मुळं मात्र त्यातच सापडतात.