‘ध’चा ‘मा’, फितुरीचा शिक्का आणि रंगवलेला वीरगळ

प्रश्न : शाळेच्या गणेशोत्सवात नारायणराव पेशव्यांच्या खुनावर छोटं नाटक बसवतो आहोत. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, हा प्रसंग दाखवावा का?
– एक शिक्षिका, बारामती

खून पक्का आहे. भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३, जागा शनिवारवाडा. मारेकरी सुमेरसिंग गारदी (गारदी म्हणजे पगारी शिपाई) आणि त्याची माणसं. नारायणराव तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे, आणि त्यांचे चुलते, आनंदीबाईंचे पती राघोबादादा त्याच वाड्यात नजरकैदेत. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना.

राघोबादादांच्या हुकुमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची, म्हणजे खाडाखोडीची, हकीकत ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या १८२६ साली छापलेल्या इतिहासात सापडते, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. तिथेही आनंदीबाईंचं नाव लोकांच्या समजुतीवर आलेलं आहे. लिपीच्या अंगानं पाहिलं तर ‘धरावे’चं ‘मारावे’ करायला ‘ध’चा ‘म’ करून भागत नाही, शिवाय एक काना घुसवावा लागतो. मोडीत ओळ आधी आखून घेतात आणि शब्द सलग लिहीत जातात, तेव्हा मागाहून काना बसवायला जागा मिळायला हवी. अशक्य नाही, पण म्हणीत वाटतं तितकं सोपंही नाही.

तेव्हा बाईंच्या हातात बोरू देऊ नका. खुनानंतर पेठेत दोघं कुजबुजताहेत, असं दाखवा. गारद्यांच्या थकलेल्या पगाराचा प्रवेश मात्र गाळू नका. तो बहुतेक ठिकाणी गळतो, कारण पगाराच्या हिशेबापेक्षा कारस्थानी बाई रंगमंचावर जास्त टाळ्या घेते.

प्रश्न : आमचे पूर्वज मोगलांना फितूर झाले, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. घरी मोडी कागदांचा एक रुमाल आहे. त्यातून खरं-खोटं कळेल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

कळू शकेल, पण आधी कागद कोणत्या जातीचा आहे ते पाहा. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, वादात एका पक्षानं स्वतःची मांडलेली हकीकत म्हणजे करीना. करीन्यात समोरचा भाऊबंद फितूर, लबाड नाहीतर मारेकरी असायचाच! हा वकिली कागद आहे, त्यावरून कोणाला नायक किंवा खलनायक ठरवू नये. महजर वेगळा. तो गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या व वतनदार मंडळींच्या सभेपुढे, झालेल्या निवाड्याचा कागद. त्यावर हजर मंडळींची नावं आणि निशाण्या असतात, जसा पाटलाचा नांगर. करीना आणि महजर एकच गोष्ट सांगत असतील तर तिला वजन येतं. सनद तिसरी. तिच्यातून वतन कोणी, कोणाला, कधी दिलं एवढंच कळतं.

केवळ मोगली सनद सापडली म्हणून फितुरीचा शिक्का खरा ठरत नाही. १६८९ साली रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीकडे गेले, त्यानंतर देशमुख-देशपांड्यांना आपल्याकडे टिकवायला दोन्ही सत्ता वतनांची आश्वासनं देत होत्या. एकाच घरात दोन्हीकडच्या सनदा निघणं यात नवल नाही. सनदेच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घराणं कोणाकडे चाकरीला होतं, ते शोधा.

तारीख लावताना बहुतेकांची चूक होते. शके वर्षात चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. मराठी कागदांत येणारी दुसरी कालगणना म्हणजे सुहूर सन; तो जूनमध्ये, मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६०० मिळवा. आकडा अक्षरी आणि अरबी असतो. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ४ + ७० + १०० + १०००, मिळून ११७४. नारायणरावांच्या खुनाचं वर्ष हेच. मजकुरातला माणूस कागदाच्या तारखेला जन्मलाच नसेल किंवा आधीच वारलेला असेल, तर कागद मागाहून रचलेला असण्याची शंका घ्या.

घडीचा कागद ताणून उघडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लांब कागदाच्या चिकटवलेल्या जोडांवर शिक्के असतात, तेही घ्या; जोड आहे आणि शिक्का अर्धाच आहे, तर एखादा तुकडा बदललेला असू शकतो. मग पुण्याचं पुरालेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ गाठा.

प्रश्न : शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा. मग एका पुस्तकात १६ जून कसा छापला आहे?
– एक वाचक, पणजी

दोन्ही बरोबर. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ही मूळ तिथी. ६ जून ही जुन्या ज्युलियन पंचांगातली तारीख. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत वापरलं. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या पंचांगावर होते. म्हणून गोव्याचं पत्र आणि सुरतेच्या इंग्रज वखारीचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं, तरी सतराव्या शतकात दहा दिवसांचं अंतर दिसतं.

प्रश्न : गावाच्या वेशीवरच्या वीरगळाला कोणीतरी ऑइलपेंट फासला आहे. साफ करून सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायचा आहे. काय काळजी घ्यावी?
– ग्रामस्थ, जुन्नर तालुका

तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि अ‍ॅसिड यांपैकी काहीही लावू नका. त्यानं रंग निघेल, पण चेहरेही जातील. माती साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढा. रंगाचं काम राज्य पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांवर सोपवा.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड; तो खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत वीराचं मरण, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवपिंडीची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव कोरलेलं नसतं, शत्रूचं तर नाहीच. तो कशापायी मेला याचा पुरावा सगळ्यांत खाली असतो : गायी दिसल्या तर गोधन राखताना; बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजं आहेत. सिमेंटमध्ये पहिली बुडते ती हीच चौकट. तेव्हा दगड गाडू नका. सुटा, आधार देऊन उभा करा. आणि हलवण्याआधी रात्री बाजूनं तिरपा टॉर्च मारून तळाच्या चौकटीचे फोटो काढून ठेवा. दिवसा न दिसणारी शिंगं आणि वल्ही त्या उजेडात उठून दिसतात.