तिसरी निघाली, तिचा वाटा कोणी भरायचा?

प्रश्न : आम्ही तिघी नोकरदार मैत्रिणी कोथरूडमधील एका टू-बीएचके फ्लॅटमध्ये १ जूनपासून भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार तिघींच्या नावे नोंदवलेला आहे. भाडे २७,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी ९,०००. अनामत ८१,००० रुपये, तीही सारखी वाटून भरलेली. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन असून तो संपल्यावरच एक महिन्याची नोटीस देता येते. आता एकीला हैदराबादला नोकरी लागली असून ती ३१ ऑक्टोबरला जाणार आहे. ‘काकांनी व्हॉट्सॲपवर ओके म्हटले आहे, काय ते माझ्या डिपॉझिटमधून कापून घ्या,’ असे तिचे म्हणणे आहे. घरमालक काका मात्र आमच्याकडे पूर्ण २७,००० मागतात. उरलेल्या सहा महिन्यांचे ५४,००० रुपये आम्ही तिच्याकडून मागावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काकांची मागणी तुम्हाला अन्यायाची वाटेल, पण ती कायद्याला धरून आहे. तुम्ही तिघींनी भाडे आपसात वाटून घेतले असले तरी करारात प्रत्येकीचा ९,००० रुपयांचा वेगळा वाटा लिहिलेला नसणार. तिघींनी मिळून २७,००० देण्याचे कबूल केले आहे. अशा संयुक्त कबुलीत, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, पूर्ण रक्कम कोणा एकीकडूनही मागता येते, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ सांगते. त्याच कलमाने तुम्हालाही हक्क दिला आहे : मैत्रिणीच्या वाट्याचे पैसे तुम्ही भरलेत, तर ते तिच्याकडून वसूल करता येतात.

काकांच्या ‘ओके’चा आधार तिला फारसा मिळणार नाही. घरमालकाने एकीला मोकळे केले, तरी त्यामुळे बाकीच्या दोघी सुटत नाहीत आणि मोकळी केलेली मुलगीही तुम्हा दोघींना द्यायच्या आपल्या वाट्यातून सुटत नाही, हे पुढचेच कलम ४४ स्पष्ट करते. काकांनी ‘ओके’ लिहिताना एवढा विचार केला असेल असे नाही. बहुधा त्यांना ‘ती जातेय हे कळले’ इतकेच म्हणायचे असावे.

आता ५४,००० रुपयांविषयी. येथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपतो. त्यानंतर लगेच नोटीस दिली, तर तुम्ही दोघीही ३१ डिसेंबरला घर सोडून मोकळ्या होऊ शकता. जानेवारीपासून पुढे तेथे राहिलात तर तो तुमचा स्वतःचा निर्णय असेल आणि त्याचा खर्च हैदराबादला गेलेल्या मुलीवर टाकणे न्यायाचे नाही. शिवाय नुकसानभरपाई ठरवताना नुकसान टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहिले जाते. कोथरूडसारख्या भागात नवी मुलगी शोधण्याचा प्रयत्नच न करता सहा महिन्यांची मागणी टिकवणे अवघड जाईल. म्हणून माझ्या मते तिच्या देण्याची कमाल मर्यादा नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून १८,००० रुपये इतकी आहे, आणि त्याआधी कोणी राहायला आले तर त्या दिवसापर्यंतचीच.

‘डिपॉझिटमधून कापा’ हे बोलायला सोपे आहे, पण ते पैसे तुमच्याकडे नाहीत, काकांकडे आहेत, आणि करार चालू असताना एकीचा तिसरा हिस्सा परत करण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. दोन महिने जागा रिकामी राहिली, तर तुम्हा दोघींना दरमहा प्रत्येकी ४,५०० रुपये जास्तीचे आजच खिशातून भरावे लागतील आणि ते १८,००० घर सोडताना अनामत परत मिळेल तेव्हा वळते होतील. तिला तेव्हा उरलेले ९,००० द्यायचे. याउलट नवी मुलगी १ डिसेंबरला आली आणि तिने २७,००० रुपये अनामत म्हणून दिले, तर त्यांतील ९,००० नोव्हेंबरच्या भाड्यापोटी तुम्ही ठेवावेत आणि १८,००० जाणाऱ्या मैत्रिणीला पाठवावेत. यांपैकी जे ठरेल ते तारखेसह लिहून तिघींनी सह्या कराव्यात.

ती सामान बांधण्याआधी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, तिच्या खोलीच्या भिंती, कपाटाची बिजागरी, ओट्याची फरशी एकत्र पाहा, आणि जे तुटले आहे ते कोणाच्या नावावर हे तेव्हाच ठरवा. एप्रिलमध्ये काका रंगकामाचे पैसे कापू लागले की फोनवरून वाद घालण्यात अर्थ उरत नाही. वायफाय किंवा गॅस जोडणी तिच्या नावावर असेल तर तेही त्याच दिवशी मार्गी लावा.

नव्या मुलीला काकांच्या संमतीशिवाय परस्पर आणू नका. लायसन्स म्हणजे घर वापरण्याची परवानगी; ती दिलेल्या व्यक्तीपुरती असते, आपल्या मर्जीने दुसऱ्याला देता येत नाही. जुना करार तिघींच्या आणि काकांच्या सह्यांनी रद्द करून नव्या तिघींचा करार नोंदवणे हा सरळ मार्ग आहे. खर्चाची धास्ती बाळगू नका : मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील दहा टक्के काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते, म्हणजे सहा महिन्यांसाठी पाचशे रुपयांच्या आत, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचा मेहनताना वेगळा. तो खर्च जाणारीने उचलावा अशी विनंती करायला हरकत नाही. नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांना आणि सोसायटीला द्यायला विसरू नका.

प्रश्न : करारात फक्त माझे नाव आहे. मित्र दरमहा माझ्या खात्यात त्याचा वाटा पाठवत असे. तो न सांगता निघून गेला. घरमालक त्याला जबाबदार धरू शकतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, कराराच्या दृष्टीने घरमालकांसमोर तुम्ही एकटेच आहात. मित्राचा व्यवहार तुमच्याशी होता आणि तोंडी ठरलेले असले तरी तो करारच आहे, फक्त पुराव्याचे ओझे तुमच्यावर आहे. दर महिन्याच्या यूपीआय नोंदी आणि ‘भाडे पाठवले’ असे त्याचे संदेश आजच जपून ठेवा. एक महिना आधी सांगून जायचे असे तुमच्यात ठरले असेल, तर त्या एका महिन्याचे पैसे प्रथम साध्या पत्राने, मग वकिलाच्या नोटिशीने मागा. त्याहून जास्त मिळेल अशी आशा मी लावणार नाही. घरमालकांनी तो तेथे राहत असल्याचे माहीत असून चालवून घेतले होते की नाही, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना माहीत नसेल, तर दुसऱ्या मित्राला आणण्यापूर्वी त्यांच्याशी बोला आणि त्याचे नाव करारात घालून घ्या.